बाटलीच्या पाठीवरचं भिरंडेल

गेल्या डिसेंबरात आई वेंगुर्ल्याहून पुण्याला माझ्याकडे राहायला आली आणि आठ दिवसांत तिच्या पायांच्या नळ्या पांढऱ्या पडल्या. आधी नुसत्या बारीक रेघा दिसत होत्या, आटलेल्या तळ्यातल्या चिखलासारख्या. मग खवले सुटायला लागले. ती रात्री झोपेत पाय खाजवायची आणि सकाळी चादरीवर कोंडा पडलेला असायचा. तो झटकताना माझ्या पोटात कालवायचं. चौऱ्याहत्तर वर्षं जी कातडी खाऱ्या वाऱ्यात आणि उन्हातान्हात टिकली, ती इथल्या आठवडाभराच्या कोरड्या थंडीने उलली होती.

घरात उपायांची कमी नव्हती. भाचीने सुचवलेला टोनर (चेहरा धुतल्यावर लावायचा पाण्यासारखा पातळ द्रव) होता, त्याच्या जोडीचं जेलसारखं मॉइश्चरायझर होतं, एक मोठं बॉडी लोशन होतं, टाचांसाठी आणलेली युरियाची ट्यूब होती आणि कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात ग्लिसरीनची जुनी बाटली होती. सगळं ओळीने जेवणाच्या टेबलावर मांडलं, दिवा जवळ ओढला, पेपर वाचायचं भिंग घेतलं आणि एकेका बाटलीची पाठ वाचायला बसले. रसायनशास्त्र घेऊन पदवी घेतली, त्याला आता पंचवीस वर्षं होत आली; नोकरी बँकेत. पण ती नावं अजून अनोळखी वाटत नाहीत. आई शेजारी बसून मटार सोलत होती आणि मी मोठ्याने वाचत होते. अक्वा. ग्लिसरीन. सिटॅरिल अल्कोहोल. कॅप्रिलिक कॅप्रिक ट्रायग्लिसराइड. फिनॉक्सिइथेनॉल. आणि लोशनच्या यादीत अगदी खाली, शेवटून तिसरं: गार्सिनिया इंडिका सीड बटर.

मी थांबले. गार्सिनिया इंडिका म्हणजे कोकम. कोकमाच्या बीचं लोणी.

"आई, हे कोकमाच्या बियांचं तेल आहे बघ, थिजलेलं."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "अगो, ह्या तर आपला भिरंडेल मगे!"

कोकमाला आमच्याकडे भिरंड म्हणतात. एप्रिल-मे महिन्यांत फळं पिकली की सालांची सोलं होतात, रसात मीठ घालून आगळ होतं, आणि उरलेल्या बिया अंगणात वाळत पडतात. वाळलेल्या बिया फोडायच्या, आतला गर कुटायचा, पाण्यात घालून उकळत ठेवायचा. तेल हळूहळू वर येतं. ते काढून गार केलं की थिजतं आणि मग मुठीत दाबून त्याचे लांबट गोळे वळतात. म्हणून कोणी त्याला मुठेलही म्हणतं. मळकट पांढरा रंग, वास जवळजवळ नाही, बोटाने दाबलं तर मेणासारखं कडक. पण अंगाच्या उबेने पाघळू लागतं, कारण त्याचा वितळण्याचा बिंदू चाळीस अंशांच्या आसपास आहे. पुण्याला येताना आईने कुळथाचं पीठ आणलं, सोलं आणली, काजूगर आणले. भिरंडेल तेवढं राहून गेलं होतं.

आणि ते इथे, माझ्या टेबलावरच्या बाटलीत होतं. बाटलीच्या पुढच्या बाजूला कोकमाच्या फळाचं लालभडक चित्र, त्याखाली ठळक अक्षरांत त्याचं नाव. पाठीवर मात्र शेवटून तिसरं.

हा क्रम समजून घेण्यासारखा आहे, कारण माझ्या मते सगळ्या बाटलीवर खरं बोलणारी जागा हीच. आपल्याकडच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. जे सगळ्यात जास्त, ते पहिलं. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक त्यानंतर कुठल्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. टक्केवारी कोणी छापत नाही, पण एक खूण सापडते. फिनॉक्सिइथेनॉल हे बाटलीतलं पाणी नासू नये म्हणून घालायचं रसायन. युरोपच्या नियमांत त्याची कमाल मर्यादा एक टक्का आहे. म्हणजे ते नाव जिथे दिसेल, त्यापुढचं सगळं एक टक्क्याच्या आतलं. त्या लोशनमध्ये भिरंडेल फिनॉक्सिइथेनॉलच्या खाली होतं. दोनशे मिलिलिटरच्या बाटलीत फार तर दोन ग्रॅम. प्रत्यक्षात कदाचित त्याहून पुष्कळ कमी. आई एका रात्री दोन टाचांना त्याहून जास्त लावते.

मला त्याचा राग आला. लोशन वाईट होतं असं नाही. वरच्या ओळीतलं ग्लिसरीन आणि तेलं आपापलं काम नीट करणारी होती. राग आला तो चित्राचा. ज्याचं नाव पुढे लावून माल विकला, ते पाठीवर अशा जागी होतं की भिंगाशिवाय दिसू नये. मग त्या संध्याकाळी मी बाकीच्या बाटल्याही नीट उलगडायच्या ठरवल्या.

कातडी कोरडी पडते म्हणजे काय होतं, ते आधी सांगते. आमचं वेंगुर्ल्याचं घर जांभ्याच्या चिऱ्यांचं आहे. भिंतीचा गिलावा जिथे पडला आहे तिथे चिरे दिसतात आणि चिऱ्यांमधला चुना दिसतो. कातडीचा सगळ्यात वरचा थर असाच बांधलेला असतो. चिरे म्हणजे मेलेल्या, चपट्या झालेल्या पेशी. त्यांच्यामधला चुना म्हणजे स्निग्ध पदार्थ. पीटर एलियास या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञाने विटा आणि चुन्याची ही उपमा रूढ केली. तळवे आणि तळहात सोडले तर हा थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, फार तर त्याच्या दुप्पट जाड. एवढ्याशा भिंतीने आतलं पाणी आत ठेवायचं असतं. चिऱ्यांच्या पोटातही ओल असते आणि ती धरून ठेवणारे पदार्थ शरीर स्वतः बनवतं: अमिनो आम्लं, लॅक्टिक आम्लाचे क्षार, युरिया. ओल गेली की चिरा ठिसूळ होतो, चुना झडला की ओल जाते. वय वाढलं की दोन्ही कमी पडायला लागतं. आईच्या नळ्यांवर मला दिसत होती ती ही ढासळलेली भिंत.

या विषयात माझा सगळ्यात आवडता प्रयोग १९५२ सालचा आहे. अर्व्हिन ब्लँक नावाच्या अमेरिकी संशोधकाने तळपायाच्या घट्ट्याची कातडी घेतली, ती वाळवली आणि तेला-चरबीत बुडवून ठेवली. कितीही वेळ ठेवली तरी ती कडकच राहिली. पाण्यात ठेवली, तर मऊ झाली. तेलाने कातडी मऊ होते असं सगळं जग धरून चाललं होतं. त्याने दाखवलं की मऊपणा येतो तो पाण्याने. वरच्या थरातलं पाणी दहा टक्क्यांच्या खाली गेलं की तो ठिसूळ होतो, हेही त्याचंच निरीक्षण. मग तेल लावल्यावर बरं का वाटतं? तेल पाणी देत नाही, असलेलं पाणी उडू देत नाही. पाण्याचं काम वेगळं आणि झाकणाचं काम वेगळं.

हे वाचल्यावर मला आईची रात्रीची रीत आठवली. ती पाय धुते. फडक्याने नुसते टिपते, कोरडे करत नाही. मग देवापुढच्या निरांजनावर भिरंडेलाच्या गोळ्याचं टोक धरते आणि ते वितळून ठिबकायला लागलं की टाचेच्या भेगेत सोडते. आधी पाणी, वर झाकण. तिला हा क्रम तिच्या सासूने सांगितला होता आणि सासूला कोणी सांगितला ते घरात कोणालाच ठाऊक नाही.

टोनर हे मुख्यतः पाण्याचं खातं. माझ्या हातातल्या बाटलीची यादी अशी सुरू होत होती: पाणी, ग्लिसरीन, ब्युटिलीन ग्लायकॉल, मग नायसिनामाइड, पॅन्थेनॉल, मग फिनॉक्सिइथेनॉल, आणि त्याच्याही खाली सोडियम हायलुरोनेट, म्हणजे हायलुरोनिक आम्लाचा क्षार. पुढच्या बाजूला मात्र एकच नाव, ठळक निळ्या अक्षरांत: हायलुरोनिक ॲसिड. भाचीनेही मला तेच नाव सांगितलं होतं.

या हायलुरोनिक आम्लाचा इतिहास सुंदर आहे. १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी ते बैलाच्या डोळ्यातल्या पारदर्शक द्रवातून वेगळं काढलं. काचेला ग्रीक भाषेत जो शब्द आहे, त्यावरून त्याचं नाव पडलं. साखरेच्या रेणूंची ही लांबच लांब माळ. आपल्या डोळ्यांत असते, सांध्यांत असते, कातडीच्या खालच्या थरात असते. पूर्वी ते कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत, आता जिवाणूंकडून आंबवून करून घेतात. पाणी धरण्याचा गुण त्यात खरोखरच आहे. मोठ्या रेणूचं हायलुरोनिक आम्ल पाण्यात नुसतं एक टक्का विरघळवलं तरी ते मधासारखं दाट होतं. आता माझा टोनर बघा. तो तळहातावर ओतला तर बोटांच्या फटींतून सांडत होता. इतका पातळ टोनर आणि त्यात मोठ्या रेणूचं हायलुरोनिक आम्ल भरपूर, हे एकत्र बसत नाही. त्यात ते होतं, पण चिमूटभर.

दुसरी गोष्ट. हा रेणू स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतो, असं बाटलीवर लिहिलेलं असतं. धरतो, पण बाटलीत तो पाण्यातच तर बसलेला आहे. त्याची तहान बाटलीतच भागलेली असते. तो कातडीवर येतो तो भरलेल्या घड्यासारखा, आणि मोठा असल्यामुळे वरच राहतो. त्याने कातडीवर एक ओलसर, गुळगुळीत पापुद्रा होतो आणि त्या वेळेपुरतं छान वाटतं. ते छान वाटणं खोटं नाही. पण पुढे तो पापुद्रा टिकतो की सुकतो, हे हवा ठरवते.

हे मला चेहऱ्यावर कळलं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मी तो टोनर नुसताच वापरत होते. सकाळी आंघोळ झाली की तीन थेंब गालांवर, वर काही नाही, कारण तेलकट वाटू नये. बँकेत दिवसभर एसी. साडेअकरा-बाराच्या सुमाराला गाल इतके ताणायचे की ग्राहकाशी बोलताना ओठांच्या कडेला चुणचुणायचं. मला वाटलं मी कमी लावते आहे, म्हणून पाच थेंब लावले, मग सहा. ताण वाढतच गेला. हवेत ओल नसली की पाणी ओढणारा पदार्थ हवेतून काय ओढणार? तो खालच्या थरातलं पाणी वर आणतो, आणि वर झाकण नसेल तर ते पाणी उडून जातं.

आईचे पाय बघितल्यावर मला हे डोळ्यांनी बघायचं होतं. मुलाच्या शाळेच्या प्रकल्पातून उरलेल्या चार काचपट्ट्या होत्या. रात्री नऊ वाजता मी त्यांच्यावर एकेक थेंब ठेवला: टोनर, लोशन, नुसतं ग्लिसरीन, आणि चौथ्यावर साधं पाणी. पट्ट्या ओट्यावर, गॅसपासून लांब. पाणी तासाभरात गेलं. टोनरच्या थेंबाची झोपायच्या आधीच एक चपटी, चिकट टिकली झाली होती, मूळ थेंबाच्या मानाने अगदी थोडी. बाकी सगळं पाणी होतं ते उडालं. राहिलं ते ग्लिसरीन आणि त्याचे सोबती. लोशनचा थेंब सकाळपर्यंत पांढऱ्या सायीसारखा बसला होता. बोट फिरवलं तर खाली मऊ. आणि ग्लिसरीनचा थेंब रात्री होता तसाच, गोल, चकचकीत, दिव्याचं पिवळं ठिपकं पोटात घेऊन. आईने त्याला करंगळी लावून जिभेवर ठेवली आणि म्हणाली, गोड आसा.

गोडच असतं ते. कार्ल शेले या स्वीडिश औषधविक्रेत्याने १७७९ मध्ये ऑलिव्हचं तेल मुरदाडशिंगाबरोबर, म्हणजे शिशाच्या ऑक्साइडबरोबर, तापवलं तेव्हा हा गोड द्रव हाती लागला. पुढे शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ग्रीकमधल्या गोड या अर्थाच्या शब्दावरून त्याचं नाव ग्लिसरीन ठेवलं. साबण करताना ते आपोआप वेगळं होतं, म्हणूनच इतकं स्वस्त. आणि स्वस्त असल्यामुळे त्याचं नाव बाटलीच्या पुढच्या बाजूला कोणी मोठ्या अक्षरांत छापत नाही. पण तुम्ही हव्या त्या किमतीच्या दहा बाटल्या उलट्या करून बघा; पाण्याच्या खालोखाल बहुतेकींत हेच सापडेल. कातडीत ते मुळातही असतं. पेशींच्या आवरणात ऍक्वापोरिन-३ नावाचा एक दरवाजा असतो, त्यातून पाणी आणि ग्लिसरीन दोन्ही आत जातं. ज्या उंदरांच्या कातडीत हा दरवाजाच नव्हता, त्यांची कातडी कोरडी आणि कमी लवचीक होती. त्यांना ग्लिसरीन दिल्यावर ती सुधारली, असं २००३ मध्ये दाखवलं गेलं. माझा या साध्या पदार्थावर जीव आहे. टोनर आणि मॉइश्चरायझर यांची तुलना करायला बसलात तर आधी यादीत ग्लिसरीन कुठे आहे ते बघा, हे मी सगळ्यांना सांगते.

लहानपणी आमच्याकडे थंडीत एक बाटली भरलेली असायची. तीन भाग गुलाबपाणी, एक भाग ग्लिसरीन. आई ती हलवून आमच्या गालांना लावायची आणि वर दुधाच्या सायीचं बोट फिरवायची. आज हायड्रेटिंग टोनर म्हणून जे मिळतं ते याहून फार वेगळं नाही. फरक आहे तो टिकण्याचा: घरच्या मिश्रणात जिवाणू वाढतात, म्हणून ते थोडंच करावं आणि चार दिवसांत संपवावं. गुलाबपाणी घेतानाही पाठ वाचावी. रोझा डमासेना फ्लॉवर वॉटर असं लिहिलेलं असेल तर ते गुलाबाचं पाणी. नुसतं पाणी आणि परफ्यूम लिहिलं असेल तर तो वास घातलेला नळ.

पाण्यासारखं काहीतरी आधी लावायचं ही रीत जपानमध्ये फार जुनी आहे. तिथे घोसाळ्याच्या वेलाचं पाणी लावत. शरद ऋतूत वेल जमिनीपासून थोडा वर कापायचा, त्याचं टोक बाटलीत सोडायचं, आणि मुळांनी वर चढवलेला रस रात्रभर त्यात गोळा होऊ द्यायचा. आपण ज्या घोसाळ्याची भजी करतो तेच हे. शिसेइडो या कंपनीने १८९७ मध्ये युडर्मिन नावाचं लाल पाणी बाजारात आणलं, तेही याच परंपरेतलं. पश्चिमेकडचा टोनर वेगळ्या वाटेने आला. साबणाने धुतल्यावर चेहऱ्यावर राहिलेला थर पुसायला आणि तेलकटपणा काढायला तो असे, आणि त्यात मद्यार्क भरपूर असे. अजूनही अशा बाटल्या मिळतात. पाण्यानंतर लगेच अल्कोहोल डिनॅट, म्हणजे तोच मद्यार्क, लिहिलं असेल तर ती कोरड्या कातडीने घेऊ नये. लावताना गार वाटतं, कारण ते उडत असतं. पण अल्कोहोल हा शब्द दिसला की बाटली ठेवून द्यायचीही गरज नाही. सिटॅरिल अल्कोहोल, सिटिल अल्कोहोल ही मेणासारखी घट्ट, पांढरी, स्निग्ध. लोशनला दाटपणा देतात, तेल-पाणी एकत्र राहायला मदत करतात आणि कातडीला मऊ करतात. नात्याने एका कुळातली, स्वभावाने एकदम निराळी.

युरियाची ट्यूब वाचली तेव्हा आईने मान वर केली. "शेतात घालतत तो युरिया?" तोच रेणू, पण शुद्ध करून घेतलेला. शरीर स्वतः कातडीत ठेवतं, म्हणून परका नाही. पाच-दहा टक्के असेल तर पाणी धरतो. वीस-चाळीस टक्क्यांवर गेला की मेलेली जाड कातडी सैल करून काढतो. म्हणून टाचांच्या ट्यूबमध्ये तो जास्त असतो. फुटलेल्या, रक्त येणाऱ्या भेगेत मात्र तो झोंबतो. आईच्या उजव्या टाचेची एक भेग खोल होती. तिथे मी तो लावू दिला नाही.

झाकणं अनेक तऱ्हांची असतात. सगळ्यात घट्ट झाकण पेट्रोलियम जेलीचं. १८५९ मध्ये रॉबर्ट चेसब्रो हा तरुण रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलच्या तेलविहिरींवर गेला, तेव्हा पंपाच्या दांड्यांना चिकटणारा काळा चिकट मळ कामगार भाजल्या-कापल्यावर लावताना त्याला दिसले. त्याने तो शुद्ध केला आणि १८७२ मध्ये व्हॅसलीन या नावाने पेटंट घेतलं. कातडीतून उडणारं पाणी इतकं अडवणारा पदार्थ आजही दुसरा सहज सापडत नाही. चिकट आहे, कपड्यांना लागतो, हा त्याचा एवढाच दोष. लोकरीतून निघणारं लॅनोलिन, सिलिकोन गटातलं डायमेथिकोन, शिया नावाच्या झाडाच्या बियांचं लोणी, आणि आमचं भिरंडेल. भिरंडेल मुख्यतः स्टिअरिक आणि ओलेइक या आम्लांचं बनलेलं. स्टिअरिकमुळे ते कडक राहतं आणि कातडीवर वितळल्यावर मागे तेलकट ओघळ न सोडता पातळ थर धरतं.

सेरामाइड हे नाव आता जाहिरातींत फार ऐकू येतं. ते झाकण नव्हे, तो चुनाच. चिऱ्यांमधल्या स्निग्ध पदार्थांत जवळजवळ निम्मा वाटा सेरामाइडांचा. बाकी कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं. एलियास यांच्या गटाने १९९० च्या दशकात दाखवलं की दुखावलेल्या कातडीवर यांतलं एकच लावलं तर ती सावरायला उलट वेळ लागतो. तिन्ही योग्य प्रमाणात दिली तर ती नीट सावरते. म्हणून बाटलीवर नुसतं सेरामाइड वाचून मी आता थांबत नाही. खाली कोलेस्टेरॉल आणि एखादं मेदाम्ल आहे का ते शोधते. टोनरमधलं नायसिनामाइड मला याच कारणासाठी आवडतं. ते बाहेरून चुना आणून लावत नाही, पेशींना स्वतःचा चुना जास्त करायला लावतं. त्याला आठवडे लागतात. भिंत एका रात्रीत बांधून होत नाही.

आईच्या पायांसाठी शेवटी आम्ही जे केलं ते फार साधं. आंघोळीचं पाणी कडकडीत घ्यायचं नाही, यावर दोन दिवस वाद झाला आणि ती कोमटावर आली. नळ्यांना साबण बंद. पाय टिपले की ओलसर असतानाच वाटीत ग्लिसरीनमध्ये तिप्पट पाणी मिसळून हाताने फिरवायचं, आणि मिनिटभरात त्यावर लोशन. रात्री लोशनच्या जागी जेली, वर सुती मोजे. टोनर मी माझ्याकडेच ठेवला. त्यातल्या नायसिनामाइडपेक्षा त्या पायांना झाकणाची घाई होती. मीच लावून द्यायचे. टेबलाखाली पाट घेऊन बसायचे, तिचा पाय मांडीवर घ्यायचे. पहिल्या दिवशी हात फिरवताना कोरड्या पानावरून फिरल्यासारखा आवाज येत होता. चौथ्या दिवशी तो आवाज बंद झाला. दहाव्या दिवशी चादर झटकली तर काही पडलं नाही, आणि त्या नळीवर मला लहानपणी बघितलेला एक जुना डाग दिसला, विहिरीच्या काठावर पडल्याचा, जो इतके दिवस कोंड्याखाली झाकला गेला होता.

मे महिन्यात मी वेंगुर्ल्याला गेले. अंगणात भिरंडाच्या बिया वाळत होत्या, हवा अशी की दोरीवरचा पंचा संध्याकाळपर्यंत सुकत नव्हता. माझ्या पिशवीत त्या काचपट्ट्या होत्या. रात्री पडवीत तेच थेंब ठेवले. सकाळी ग्लिसरीनचा थेंब पसरून पातळ झाला होता, कडेला ओघळला होता. रात्रभर त्याने हवेतून पाणी प्यालं होतं. टोनरची टिकलीही सुकली नव्हती, ओली आणि लुसलुशीत होती. तीच बाटली. मी तिथे पंधरा दिवस सकाळी नुसता टोनर लावला, वर काही नाही, आणि गाल एकदाही ताणले नाहीत. पुण्याच्या डिसेंबरात ज्याला मी नावं ठेवली, तो इथे पुरेसा होता.

आईचे पाय तर मऊच होते. तिने टाचा दाखवल्या. खोल भेग भरून आली होती. निघायच्या आदल्या दिवशी मी माझ्या मॉइश्चरायझरची बरणी पुसून संपवली आणि कचऱ्यात टाकायला उठले. तिने ती माझ्या हातातून घेतली, झाकण दोनदा फिरवून बघितलं, मागच्या दारी जाऊन राखेने घासली आणि पालथी घातली. संध्याकाळी चुलीवर एका पळीत गेल्या वर्षीचा गोळा वितळत होता. ते पिवळसर पाणी तिने सावकाश बरणीत ओतलं आणि ते कडेकडेने पांढरं होत जाताना आम्ही दोघी बघत बसलो.

"पुण्याक घेवन जा," ती म्हणाली. "आनि बरणी टाकू नको गो. झाकण घट्ट आसा तेचा."